समाधान, समाधी आणि सम्मासमाधी

दलितांनी शांत राहावे, हा या देशातील फार जुना उपदेश आहे. तो कधी धर्माच्या भाषेत सांगितला गेला, कधी संतत्वाच्या, आणि अलीकडे आरोग्याच्या. गावकुसाबाहेरच्या माणसाला भाकरी, पाणी, जमीन, शाळा यांपैकी काहीच द्यावयाचे नसले की त्याला मनःशांती द्यावयाची. तिला खर्च येत नाही. म्हणूनच ध्यान, एकाग्रता, चित्ताचा समतोल असले शब्द कानांवर आले की आमच्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. ही आठी समजण्यासारखी आहे; तिच्यामागे मोठा इतिहास आहे. परंतु आठी म्हणजे विचार नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या हाती ठेवलेल्या ग्रंथाशी ती ताडून पाहिली तर काय दिसते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

हे आम्ही अकलूजला बसून लिहीत आहोत. गाव पंढरीच्या वाटेवरचे. आषाढात तुकोबांची पालखी सराटीला नीरेकाठी येते, पादुकांना स्नान होते, नदी ओलांडून पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि अकलूजला गोल रिंगण होते. शेकडो मैल चालून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसते ते खोटे असते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ही वाट जिथे संपते तिथे, देवळाच्या महाद्वारासमोर, चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याला कुसाचे बांधकाम करताना भिंतीखाली सापडून मेले, असे परंपरा सांगते. गावाची भिंत बांधताना मेलेल्या माणसाला देवाच्या दाराबाहेर जागा मिळाली आणि त्या जागेचे नाव झाले समाधी. त्यांच्या वारसांना दाराच्या आत पाऊल टाकण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींनी उपोषण करून प्राण पणाला लावल्यानंतर.

मराठीत ध्यानाची परमावस्था आणि माणसाचे थडगे यांना एकच शब्द आहे. समाधान हा शब्दही त्याच धातूचा. भाषेतला योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. आम्ही सोडत नाही, कारण ‘असेल त्यात समाधान मान’ हे वाक्य ज्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले तिथे या तीन अर्थांत फारसे अंतर उरलेले नव्हते. गांधीजींनी १९३६ साली ‘हरिजन’मध्ये आदर्श भंगी कसा असावा हे लिहिले, तेव्हा हेतू सफाईच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचाच होता. बाबासाहेबांनी त्यावर केलेली टीका आपल्याला माहीत आहे: ज्या कामातून माणूस सुटू पाहतो त्याच कामाचे गुणगान त्याच्यापुढे करणे ही त्याची क्रूर थट्टा आहे.

आता या समाधानाला बाजारही मिळाला आहे. अमेरिकेत १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध स्मृतिसाधना आठ आठवड्यांच्या उपचारात बसवली. दुखणाईत माणसांसाठी ती उपयोगाची ठरली, हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे ती कंपन्यांनी उचलली. नोकराचे काम कमी करावयाचे नाही, पगार वाढवावयाचा नाही, फक्त त्याचा ताण त्याच्याच श्वासावर सोपवावयाचा, अशी ही सोय आहे. रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ साली इंग्रजीत या व्यवहारावर एक झणझणीत पुस्तक लिहिले. तिथल्या विचारवंताला जे आता उमगले ते आपल्या आज्याला वेसकरकीची काठी हातात घेऊन उभे राहतानाच ठाऊक होते.

पण महाराष्ट्रातला बौद्ध माणूस ध्यानाकडे या बाजारातून आलेला नाही. तो आला इगतपुरीवरून. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना त्यांनी येथे शिकवली आणि १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. २००९ साली गोराईचा पॅगोडा खुला झाला, २०१३ साली गोएंका वारले, शिबिरे चालूच आहेत. दुसरीकडे पुण्याला संघरक्षितांच्या प्रेरणेने आणि लोकमित्रांच्या खटपटीने १९७९ च्या सुमारास त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम सुरू झाले. त्यांनी आनापान आणि मेत्ता भावना वस्तीपर्यंत आणली. या दोन प्रवाहांतून आपले हजारो लोक डोळे मिटून बसायला शिकले. शिक्षक, बँकेतला कारकून, एस.टी.चा वाहक, बचत गटातली बाई. त्यांना भोळे म्हणून झटकून टाकणे हा आमच्या बुद्धिवाद्यांचा आळस आहे.

विपश्यनेच्या शिबिराविषयी आधी चांगले बोलू. दहा दिवसांचे पैसे घेत नाहीत. जेवण सर्वांना एक. आर्य मौन असल्यामुळे नऊ दिवस कोणी कोणाला आडनाव विचारीत नाही. ज्याला उभ्या आयुष्यात पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारले गेले आहे त्याला विचारा, या दिवसांचे मोल काय. कित्येकांना ध्यानापेक्षा याच गोष्टीने रडू आले असेल, असा आमचा अंदाज आहे.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो शरीराचा आहे. विपश्यना सांगते की शरीरावर उठणारी प्रत्येक संवेदना तटस्थपणे पाहावी. सुखद असो, दुःखद असो, ती अनित्य आहे. धम्मगिरीवर पहाटे ४ वाजता घंटा होते. गाळपाच्या हंगामात अकलूज, श्रीपूर, माळीनगर, सदाशिवनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात जाऊन पाहावे. तिथेही पहाटेच्या अंधारात कोप्यांतून माणसे उठतात. त्यांना घंटा लागत नाही. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो; तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. पाळीच्या चार दिवसांतही खाडा नको म्हणून बाई गर्भाशयच काढून टाकते. बीड जिल्ह्यातल्या अशा हजारो स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्य शासनाच्या समितीला तपासावा लागला. या बाईच्या कमरेत उठणाऱ्या कळेला अनित्य म्हणावयाचे काय? ती कळ अनित्य खरीच. पण मुकादमाची वही अनित्य नाही. पुढच्या हंगामात तीच वही असते.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. अज्ञ माणसाला दोन बाण लागतात, असे तथागत म्हणतात. पहिला शरीराच्या दुःखाचा, दुसरा त्या दुःखावर मनाने केलेल्या तडफडीचा. ज्ञानी माणसाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. दृष्टान्त फार खोल आहे आणि ध्यानाचे सारे सामर्थ्य त्यात आले आहे. दुसरा बाण उपटता येतो, आणि तो उपटावाच. ज्याने उपटला तो माणूस वेगळाच उभा राहतो. परंतु आमच्या बाबतीत पहिला बाण आकाशातून पडलेला नाही. तो मारणारा आहे, त्याचा भाता आहे, आणि तो गावातच राहतो. शांतीचा जो उपदेशक दुसऱ्या बाणाविषयी तासभर बोलतो आणि पहिल्याविषयी अवाक्षर काढीत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा?

खुद्द तथागतांनी असे केलेले नाही. आळवीची गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. बैल हरवलेला एक गरीब शेतकरी दिवसभर रान तुडवून उपाशीपोटी प्रवचनाला पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्याला पाहताच त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावर मगच धम्म सांगितला. ध्यानशिबिरांच्या प्रत्येक संयोजकाने ही गोष्ट वाचावी. तोडणीवरच्या बाईला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगणाऱ्याने ते दोन तास कोणाच्या वहीतून काढायचे हेही सांगावे.

यापेक्षा गंभीर मतभेद कर्माचा आहे. गोएंकांच्या मांडणीत साठलेले जुने संस्कार संवेदनांच्या रूपाने वर येतात आणि तटस्थतेने ते झडतात. आणि हा साठा केवळ या जन्माचा मानलेला नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा मानण्यास नकार दिला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. येथे तडजोड संभवत नाही. आपल्या माणसाने शिबिरातून श्वास घ्यावा, एकाग्रता घ्यावी, मौन घ्यावे. पूर्वजन्माचा साठा तिथेच ठेवून यावे.

इथवर आमचे बुद्धिवादी मित्र मान डोलावतील. आता त्यांच्याशी भांडण आहे. ‘बाबासाहेबांचा धम्म सामाजिक आहे, त्यात डोळे मिटून बसण्याला जागा नाही,’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवर इतक्या वेळा ऐकू येते की ते ग्रंथातलेच असावे असे वाटू लागते. ग्रंथात वेगळेच आहे. सिद्धार्थ आळार कालामाकडे गेला, उद्दक रामपुत्ताकडे गेला, ध्यानमार्गाचे त्या काळातले संप्रदाय त्याने शिकून घेतले. बाबासाहेबांनी हे सारे सविस्तर आणि आदराने लिहिले आहे. पुढे अष्टांगिक मार्गाच्या विवेचनात ते समाधी आणि सम्मासमाधी यांत एक रेघ ओढतात. ही रेघ वाचताना आपण घाई करतो. नुसती समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. ती नीवरणांना काही काळ रोखून धरते, पण ती अवस्था तात्पुरती असते, ती अभावरूप असते. सम्मासमाधी भावरूप असते. एकाग्र झालेल्या चित्ताला ती कुशलाचा विचार करण्याची सवय लावते आणि अकुशलाकडे जाणारी मनाची ओढ कमी करते. म्हणजे बाबासाहेबांनी ध्यान टाकून दिलेले नाही. त्यांनी ध्यानाला काम दिले आहे.

आणि आठवावे की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यांत अष्टांगिक मार्गाचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. आठपैकी सात अंगांची प्रतिज्ञा कोणी घेतलेली नाही.

याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा बाबासाहेबांनी बदलली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून एकोणतीस वर्षांचा तरुण घाबरून रानात जातो, हे त्यांना पटले नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थ उभा राहिला आणि एकटा विरोधात बोलला. बहुमत विरुद्ध गेले तरी त्याने शब्द मागे घेतला नाही; शिक्षेचा भार कुटुंबावर पडू नये म्हणून देशत्याग पत्करला. नीरा उजव्या कालव्याच्या काठावर राहणाऱ्या वाचकाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. पाणी कोणाच्या शेतात थांबते, पाळी कोणाची चुकते आणि त्यावरून माणसे कशी कुऱ्हाडी काढतात हे त्याने पाहिलेले असते. अशा सभेत उभे राहून आवाज न चढवता नाही म्हणण्यासाठी जे लागते, त्याला समतोल म्हणतात. बाबासाहेबांच्या बुद्धाच्या अंगी तो गृहत्यागापूर्वीच होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ध्यानाने त्याला तो टिकवता आला.

महाडला हेच घडले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला. मंडपात जेवत असलेल्यांची डोकी फुटली. अनेकजण पलटणीत लढलेले होते, एका शब्दाची वाट पाहात होते. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. शिस्त राखा म्हणून सांगितले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली आणि तळ्याचा दावा दहा वर्षे चालून मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या बाजूने सुटला. त्या संध्याकाळच्या संयमाला कोणी सहनशीलता म्हणेल तर त्याने इतिहास वाचलेला नाही. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ज्याला हात आवरता येतो त्यालाच काय जाळावे हे नेमके ठरवता येते.

येथून साहित्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण आमच्या समीक्षेनेही शांतीविषयी असाच गोंधळ केला आहे. भरताने आठ रस सांगितले. शांत हा नववा नंतर आला आणि अभिनवगुप्ताने त्याला सर्व रसांच्या मुळाशी नेऊन बसवले. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सर्व भावनांच्या तळाशी शांती सापडावी यात नवल नाही. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये आनंदावर उभारलेले हे सौंदर्यशास्त्र नाकारले, ते योग्यच केले. पण त्यानंतर आपल्याकडे एक सोपे समीकरण रूढ झाले: आवाज जितका चढा तितका विद्रोह खरा. या समीकरणाने वाईट कवितांचे पीक काढले. शिव्या मोजून विद्रोह ठरवणारे समीक्षकही त्यानेच घडवले.

‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातली भाषा पाहून लोक हादरले. पण तो संग्रह सावकाश वाचणाऱ्याला कळते की तिथे काहीही सैल सुटलेले नाही. कामाठीपुऱ्यातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक शरीर, प्रत्येक वास कवीने डोळा न हलवता पाहिला आहे. इतके पाहणे संतापलेल्या डोळ्याला जमत नाही. संतापाला लगाम घातलेल्या डोळ्याला जमते. पाली वाङ्मयात यासाठी ‘यथाभूत’ असा शब्द आहे. जसे आहे तसे पाहणे. ध्यानाने साधायचे ते हेच.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. महूदच्या शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. महूद अकलूजपासून फार दूर नाही. नाजाची ही कथा सोलापूरकडच्या बोलीत, लहान लहान वाक्यांत सांगितलेली आहे. उपास, शाळा, शिक्षिकेची नोकरी, संसारातली ताटातूट. सूर कुठेही चढत नाही. म्हणून काही समीक्षकांनी त्या लेखनाला साधे, निरागस म्हणून बाजूला ठेवले. आमच्या मते हा वाचनाचा दोष आहे. ज्या बाईने उपाशी दिवस मोजले, तिला त्या दिवसांविषयी हुंदका न देता लिहिता येते, तेव्हा तिने दुसरा बाण स्वतःच्या हाताने उपटलेला असतो. आणि पहिला बाण कुठून आला हेही ती लपवीत नाही. तो वाड्यातून आला, परंपरेतून आला, घरातल्या पुरुषाकडूनही आला. शांत रसाच्या शास्त्रात हे बसणार नाही, चढ्या आवाजाच्या शास्त्रातही बसत नाही. यथाभूत दर्शनाच्या कसोटीवर मात्र ते आपल्या आत्मकथनांत पहिल्या रांगेत बसते. दलित स्त्रीच्या लेखनाची समीक्षा या कसोटीने व्हायला हवी होती, ती अजून व्हायची आहे.

आता कार्यकर्त्याच्या रोजच्या जगण्याविषयी. चळवळीतला माणूस आतून कसा मोडतो हे आपण सारे जाणतो आणि बोलत नाही. सकाळी तहसील, दुपारी पोलीस ठाणे, रात्री वस्तीत बैठक, घरी पोरांची फी थकलेली. झोप जाते, दारू येते, सहकाऱ्यावर संशय येतो. दलित पँथर १९७२ साली उभी राहिली आणि दोन वर्षांत फुटली. त्या फुटीची कारणे वैचारिक आणि राजकीय होती, ध्यानाने ती टळली असती असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण फुटीनंतर माणसे ज्या कडवटपणाने एकमेकांवर तुटून पडतात तो कडवटपणा विचारसरणीचा नसतो. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना जे सांगितले त्याचा रोख येथेच आहे: बुद्धाचा मार्ग माणसाचे मन पालटण्याचा, म्हणून तो सक्तीवाचून टिकतो. मन पालटायचे तर मनावर रोज थोडे काम करावे लागते. भाषणाने ते होत नाही, जयंतीच्या डॉल्बीने तर नाहीच.

मेत्ता भावनेत आधी स्वतःविषयी, मग मित्राविषयी, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही अशा माणसाविषयी, आणि चौथ्या पायरीवर वैऱ्याविषयी मैत्री चिंतायची असते. या चौथ्या पायरीवर आपला तरुण अडतो. खैरलांजी २००६ साली झाली. त्या गावातल्या मारेकऱ्यांना मैत्री कशी द्यावी, असे तो विचारतो आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की मैत्री म्हणजे फिर्याद मागे घेणे नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवायला जाताना मनात सूड नसला तर जबाब नीट लिहून घेता येतो, तारखा चुकत नाहीत, साक्षीदार घाबरला तर त्याच्याजवळ बसता येते, आणि दडपणाने किंवा पैशाने तडजोड करायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवता येते. सूडाने पेटलेला माणूस तिसऱ्या तारखेला थकतो.

शिक्षक वाचकांसाठी एक बाब. शासनाने शाळांमधून ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान सुरू केले आहे. मुले काही मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसतात. चांगली गोष्ट आहे. ती मिनिटे संपल्यावर वर्ग झाडायला कोणाची मुले उठतात, खिचडीच्या पंक्तीत कोण कोणाशेजारी बसते, हेही त्याच शिक्षकाने त्याच दिवशी पाहावे. शीलावाचून समाधी उभी राहत नाही, हा क्रम मुलांना पाठ करून घेण्याची गरज नाही. त्यांना तो वर्गात दिसतो किंवा दिसत नाही.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. सम्मासमाधीचे पान आले की बहुतेक ठिकाणी ते वाचून उलटले जाते. या वर्षी ते पान वाचून झाल्यावर दहा मिनिटे सर्वांनी श्वासाकडे लक्ष देऊन बसावे आणि उठल्यावर त्याच बैठकीत मजुरीचा, उचलीचा, पाण्याच्या पाळीचा विषय काढावा. बैठक नेहमीपेक्षा लांबेल. पण मुकादमांचे उचलीचे व्यवहारही पावसाळ्याच्या याच महिन्यांत ठरतात. वह्या अजून कोऱ्या असतात.